विश्लेषण : गुलाबाची पाने गोल कापणारी ‘कीड’ खरे तर मधमाशी! ओळखायची कशी?

कुंडीतल्या गुलाबाच्या पानांना अर्धगोल खाचा दिसल्या की संशय अळीवर जातो आणि फवारणीचा पंप बाहेर निघतो. पण खाच कंपासने आखल्यासारखी नितळ असेल, आसपास अळीची विष्ठा नसेल, तर ते काम बहुधा ‘लीफकटर बी’ या मधमाशीचे असते. ती पान खात नाही. पिलांच्या खोल्यांना अस्तर लावण्यासाठी तुकडे नेते. लांबट तुकडे भिंतीला, गोल तुकडे झाकणाला.

ही माशी एकांडी. तिला पोळे नाही, राणी नाही, कामकरी माश्या नाहीत. एकटी मादी लाकडातले भोक किंवा बांबूची नळी शोधते, प्रत्येक खोलीत पराग आणि मधुरस साठवून त्यावर एक अंडे घालते आणि खोली बंद करते. राखायला पोळेच नसल्याने ती सहसा माणसाच्या अंगावर येत नाही.

ओळखीची खूण कोणती?

पोट! पोळ्यातली मधमाशी पराग मागच्या पायांवर गोळी करून नेते. लीफकटर ज्या मेगाकिलिडी कुळातली आहे, त्यातल्या माद्या तो उदराखालच्या दाट केसांच्या ब्रशमध्ये नेतात. फुलावरच्या माशीचे पोट खालून पिवळेधमक दिसले तर जवळपास खात्रीच. त्यामुळे मोबाइलवर फोटो वरून नको, बाजूने घ्यावा. जोडीला रुंद डोके आणि भक्कम जबडे.

फसगतही होते. नरांना हा ब्रश नसतो. याच कुळातल्या ‘कोइलिऑक्सिस’ माद्यांनाही नसतो. त्या पराग गोळाच करत नाहीत, दुसऱ्यांच्या घरट्यात अंडी घालतात. त्यांचे उदर टोकाला निमुळते असते.

शेतीला उपयोग काय?

लसूणघासाचे फूल उघडताना आतला भाग उसळून माशीच्या डोक्यावर आदळतो. पोळ्यातल्या मधमाश्या हा फटका टाळायला शिकतात आणि बाजूने मधुरस चोरतात. लीफकटर टाळत नाही. म्हणूनच अमेरिका, कॅनडात लसूणघासाच्या बियाण्यासाठी तिची एक जात मुद्दाम पाळली जाते. आपल्याकडे तुरीच्या फुलांवर याच कुळातल्या माश्या दिसतात. शेंगअळीसाठी फुलोऱ्यात फवारणी करावीच लागली, तर माश्या घरट्यात परतल्यावर, संध्याकाळी करावी. गुलाबाला तर या खाचांसाठी फवारणीची गरजच नाही; चार पाने कातरली म्हणून झाड मरत नाही.