'प्रॉब्लेम' कुणाचा, 'डिफेक्ट' कशाचा?

मैत्रिणींनो, 'प्रॉब्लेम' हा शब्द आता इंग्रजी राहिलाच नाही. शेगडी पेटत नाही, प्रॉब्लेम. ब्लाऊजचा खांदा उतरतो, प्रॉब्लेम. सासूबाईंचे गुडघे दुखतात, तोही प्रॉब्लेमच! बोलताना हे खपून जातं. पण पैसे मोजून घेतलेल्या वस्तूबद्दल तक्रार लिहायची वेळ आली, की हाच शब्द आपल्याला तोंडघशी पाडतो.

आमचं पळस्पे म्हणजे फाट्यावरचं गाव. पुण्याचा आणि गोव्याचा रस्ता इथे वेगळा होतो. आता भोवती इमारतीही उभ्या राहिल्यात. अशाच एका नव्या इमारतीत आमच्या ओळखीच्या वहिनींनी घर घेतलं. पहिल्याच पावसाळ्यात बेडरूमच्या भिंतीला ओल आली. बिल्डरच्या ऑफिसात सांगितलं, इंग्रजीत मेल करा. वहिनींनी लिहिलं, 'बेडरूम वॉलमध्ये प्रॉब्लेम आहे.' उत्तर आलं, 'खिडक्या उघड्या ठेवत जा.'

वहिनी माझ्याकडे आल्या. "अहो, लेकीने सुचवलंय, 'वॉल डॅमेज्ड' लिही. लिहू का?"

मी म्हटलं, "थांबा वहिनी. डॅमेज म्हणजे नुकसान. लगेच विचारतील, कुणी केलं? तुम्ही खिळे ठोकलेत का? ओल बाहेरून येतेय, म्हणजे मुळात कामातच खोट आहे. तिला म्हणतात डिफेक्ट."

फरक एवढाच, पण महत्त्वाचा. प्रॉब्लेम म्हणजे अडचण, आणि ती ज्याला असते त्याची. डिफेक्ट म्हणजे वस्तूतला किंवा बांधकामातला दोष. नवा मिक्सर पहिल्या दिवसापासून फिरतच नाही, हा डिफेक्ट. ओट्यावरून पडून भांडं फुटलं, तर ते डॅमेज. वॉरंटी सहसा पहिल्याला लागू होते, दुसऱ्याला नाही. 'मिस्टेक' म्हणजे माणसाची चूक. शिंप्याने माप चुकवलं, बिलात बेरीज चुकली, तिथे हा शब्द. 'फॉल्ट' मात्र दोन्हीकडे चालतो. पावसात लाइट गेले की केबल फॉल्ट, आणि 'माय फॉल्ट' म्हटलं की दोष माझा. म्हणून तक्रारीत तो जपून वापरावा. आणि 'इश्यू'? तो तर प्रॉब्लेमचा गुळगुळीत भाऊ. दुकानदार 'मायनर इश्यू आहे' म्हणाला, की दोष नेमका कशात आहे ते तिथेच विचारून घ्यावं.

कायद्यानेही असे शब्द वेगळे केले आहेत बरं का! 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तूतल्या दोषाला 'डिफेक्ट' आणि सेवेतल्या त्रुटीला 'डेफिशिअन्सी' म्हटलंय. पंखा सदोष निघाला तर डिफेक्ट. पैसे घेऊनही कबूल केलेली सर्व्हिसिंग केली नाही, तर डेफिशिअन्सी. घरांसाठी 2016चा रेरा कायदा आहे. ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष लक्षात आणून दिला, तर बिल्डरने तो 30 दिवसांत जादा पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचा असतो. न केल्यास ग्राहकाला भरपाई मागता येते. तिथेही शब्द 'डिफेक्ट' हाच आहे.

वहिनींनी दुसरा मेल केला. ताब्याची तारीख, ओल कधी दिसली, कुठल्या भिंतीला, सोबत फोटो, आणि शेवटी एकच वाक्य : बाहेरच्या भिंतीच्या वॉटरप्रूफिंगमध्ये डिफेक्ट आहे, रेरा कायद्यानुसार दुरुस्त करून द्यावा. आठवड्याभरात माणूस भिंत बघायला आला आणि पावसाळा सरताच काम झालं.

नुसत्या शब्दाने भिंत सुकत नाही, हे खरंच. बिल, तारखा, फोटो हवेतच. शिवाय इंग्रजी येत नाही म्हणून अडून राहायचंही कारण नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 या नंबरवर, मराठीत बोलता येतं. ग्राहक आयोगाकडे जायचं तर साधारणपणे 2 वर्षांच्या आत जावं लागतं, तेवढं लक्षात असू द्या.

खरं तर आपल्या आजीकडे यासाठी किती शब्द होते! सोन्यात खोट, कापडात कसर, यंत्रात बिघाड, हिशेबात चूक, पाहुणचारात उणीव. तिने या सगळ्याला एकच नाव कधी दिलं नाही. तेव्हा इंग्रजी शब्द शोधण्याआधी मराठीत स्वतःला विचारा, नेमकं काय बिघडलंय, आणि ते कुणी निस्तरायचं? उत्तर मिळालं की शब्दही सापडतो.

आणि हो, 'डिफेक्ट' हा शब्द वस्तूंसाठीच ठेवा. पोरगं अडखळत बोलतं म्हणून 'याच्यात डिफेक्ट आहे' असं चारचौघांत म्हणू नका. मिक्सर बदलून मिळतो, पण पोराच्या मनाला लागलेलं तसंच राहतं.