आलुबुखार, जांभूळ आणि भाषांतर

उत्तर व्हिएतनामच्या लाओ काय प्रांतातील बाक हा या डोंगरी भागात ‘ताम होआ’, म्हणजे ‘तीन फुलांचे’, या नावाचे फळ पिकते. ते गुलाबाच्या कुळातील आलुबुखार होय. व्हिएतनामी भाषेत आलुबुखाराला ‘मन’ म्हणतात. मात्र त्याच देशाच्या दक्षिण भागात ‘मन’ म्हटले की घंटेच्या आकाराचे पाणीदार फळ पुढे येते. ते जांभळाच्या प्रजातीतील, आपल्याकडे ‘जाम’ म्हणून ओळखले जाणारे. आलुबुखाराला फुलण्यासाठी हिवाळ्याची थंडी लागते. दक्षिणेच्या उष्ण सखल प्रदेशात ती नाही. झाड मागे राहिले, शब्द तेवढा पुढे गेला, असे दिसते.

इंग्रजीने जांभळाला ‘जावा प्लम’ म्हणून हाच घोटाळा केला. वस्तुतः या दोन फळांचे कूळही एक नाही. मराठीची मौज निराळीच. फारसीत ‘आलू’ म्हणजे प्लम. म्हणून आलुबुखार हा बुखाऱ्याचा आलू, आणि जर्दाळू हा पिवळा आलू!

अनुवादकाची खरी अडचण येथे सुरू होते. चेन्नईच्या दक्षिणेस समुद्रकाठी वसलेल्या कोवलमसारख्या उष्ण ठिकाणी आलुबुखार संभवत नाही; त्या किनाऱ्याचे फळ म्हणजे जांभूळ, तमिळमधील ‘नावल’. अव्वैयारच्या प्रसिद्ध कथेत झाडावर बसलेला गुराखी पोर (तो वास्तविक मुरुगन) तिला विचारतो, ‘फळ भाजलेले हवे की न भाजलेले?’ विदुषी बुचकळ्यात पडते. खाली पडलेल्या मऊ फळाला चिकटलेली वाळू ती फुंकू लागते, तेव्हा पोर हसून विचारतो, ‘फार गरम आहे काय?’ येथे ‘प्लम’ हा शब्द घातला, तर परदेशी वाचकाच्या डोळ्यांपुढे थंड मुलखातील बाग उभी राहते आणि तापलेल्या वाळूवरचा विनोद निसटतो.

मराठीतही शाहीर विठ्ठल उमप यांनी रंगभूमीवर गाजविलेल्या ‘जांभूळ आख्यान’ाचा आशय याच फळावर उभा आहे. द्रौपदीच्या मनातील कर्णाविषयीची ओढ जांभळाच्या निमित्ताने उघडी पडते. जांभूळ खाणाऱ्याची जीभ रंगते, ते लपविता येत नाही. त्या रंगालाच मराठीने ‘जांभळा’ हे नाव दिले. आलुबुखाराने जीभ अशी रंगत नाही. म्हणून तमिळ ‘नावल’ मराठीत आणताना इंग्रजीच्या वाटेने जाण्याचे कारणच नाही. ‘जांभूळ’ हा शब्द हाताशी आहे. बाक हाच्या फळासाठी मात्र ‘आलुबुखार’च योग्य.