कुणाला ‘भामटा’ म्हणताय?

पेपरातल्या बातम्या आठवून बघा. ‘ज्येष्ठ महिलेला भामट्याने घातला गंडा’. ‘बँकेतून बोलतोय सांगून भामट्यांनी खातं केलं साफ’. हेडलाइनला शब्द सोयीचा. तीन अक्षरं, एका कॉलमात बसतो, अर्थ सांगावा लागत नाही. गोड बोलून फसवतो तो भामटा. कट्ट्यावर तर शंभर रुपये बुडवणाऱ्या मित्रालाही आपण बिनधास्त भामटा म्हणतो.

आता अ‍ॅडमिशनच्या फॉर्मवरच्या कॅटेगरी आठवा. त्यात व्हीजे असतं बघा, म्हणजे विमुक्त जाती. राज्य सरकारच्या या यादीत 14 नावं आहेत आणि त्यातल्या दोनांत हाच शब्द आहे : भामटा आणि राजपूत भामटा. भामटा या नोंदीखाली टकारी येतात, म्हणजे जात्याला टाकी लावून देणारे. पाथरूट येतात, उचले येतात आणि चक्क ‘घंटीचोर’सुद्धा! फी सवलतीसाठी असा दाखला ऑफिसच्या खिडकीत द्यायचा आणि आतल्याने तो मोठ्याने वाचायचा. मागे अख्खी रांग उभी.

‘विमुक्त’ कशातून? इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. गुन्हा कोणी केला हे बघायचंच नाही, सबंध जमातच गुन्हेगार ठरवायची. जन्मलेलं मूलही त्यातच. पोलिसांकडे हजेरी, फिरण्यावर बंधनं. सोलापुरात तर तारांच्या कुंपणाआड वसाहत केली होती, ती सेटलमेंट म्हणून ओळखली जाते. 31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा रद्द झाला. शिक्का मात्र आपल्या बोलण्यात राहिला. कॉलेजच्या लायब्ररीत लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ शोधा. 1988 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं आत्मकथन आहे. जातीचं नाव हाच आरोप असला की माणसाच्या वाट्याला काय येतं, ते तिथे कळेल.

कोणी म्हणेल, आमच्या मनात जात नसतेच. खरंय, बहुतेकांना माहीतही नसतं. पण शेजारच्या बाकावरच्या पोराच्या दाखल्यावर तो शब्द असू शकतो, आणि सगळे हसत असताना तो काही सांगत बसणार नाही.

शिवाय मराठीत शब्दांचा काय दुष्काळ पडलाय? लबाड आहे, लुच्चा आहे, थापाड्या आहे. पैसे बुडवणाऱ्या मित्राला ठकसेन म्हणा, उलट भावच मिळेल त्याला. आणि हेडलाइनसाठी ‘ठक’ आहेच की. एक अक्षर कमीच लागतं.