घोड्याचे अंगसंकलन

घोड्याचे अंगसंकलन : मागचे पाय धडाखाली पुढे आणून व पुठ्ठे किंचित दबवून शरीराचा भार मागील भागावर अधिक पेलण्याची शिकविलेल्या घोड्याची अवस्था. उभ्या घोड्याचा सु. ६०% भार पुढच्या पायांवर असतो. संकलनाने पुढा हलका होतो, पावले आखूड पण उंच पडतात व मान कमानदार होते. मानेची कमान हा परिणाम होय, साधन नव्हे. लगाम खेचून मान वाकविल्यास पाठ ताठरते आणि भार पुढेच राहतो. हा दोष नावाजलेल्या स्वारांतही आढळतो.

ड्रेसाजच्या जर्मन शिक्षणक्रमातील सहा पायऱ्यांत संकलन शेवटची होय. फ्रेंच अश्वविद्याविशारद फ्रांस्वा द ला गेरीन्येर (१६८८–१७५१) याने त्यासाठी खांदा आत घेऊन चालविण्याच्या व्यायामाची पद्धतशीर मांडणी केली. जवळजवळ जागच्या जागी केलेली दुडकी (पिआफ) ही संकलनाची परिसीमा समजतात.

अडथळ्यांवरून उडी मारताना मात्र इटालियन घोडदळातील फेदेरीको काप्रिल्ली (१८६८–१९०७) याने संकलन त्याज्य ठरवून घोड्याची मान मोकळी सोडली. उडीच्या क्षणी त्याचे म्हणणे आजही ग्राह्य आहे. परंतु दोन अडथळ्यांमधील झेपा कमीजास्त करण्यास संकलित चाल लागतेच. अमेरिकी गुराख्यांच्या स्वारीतून निघालेल्या रेनिंगमध्ये लगाम सैल असतो, तरी घसरत थांबताना घोडा पुठ्ठ्यांवर बसल्यासारखा दिसतो.

कोणत्याही प्रकारात प्रारंभी काही पावलेच संकलन मागतात व लगेच घोड्याला मान लांबवू देतात. थकलेले स्नायू भार पेलत नाहीत.