वीज गेल्यावर मासे श्वास कसा घेतील?

मे महिन्यातली संध्याकाळ. दिवसभराच्या उकाड्यानंतर आभाळ भरून येते, धुळीची वावटळ उठते आणि वळवाचा पहिला थेंब पडायच्या आत लाईट जाते. नीरा आणि भीमा जिथे एकमेकींना मिळतात त्या नरसिंहपूर परिसरात हे कुणालाच नवे नाही. वाऱ्याने तारा एकमेकींना घासल्या किंवा एखादी फांदी वाहिनीवर पडली, तर दुरुस्तीला अर्धा तास लागेल की सारी रात्र जाईल, हे सांगता येत नाही. पावसाळ्यात उजनीतून भीमेला आणि वीर धरणातून नीरेला एकाच वेळी पाणी सुटले की नदीकाठी वेगळीच चिंता सुरू होते.

लाईट गेली की अम्मी चार्जिंगचा दिवा शोधते, अब्बा मोबाइलमध्ये किती बॅटरी उरली ते पाहतात, दादी हातपंखा घेऊन दारात बसते. बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या टाकीकडे मात्र कुणाचे लक्ष नसते. तिथले बुडबुडे थांबलेले असतात. मगरिबच्या सुमारास गेलेली वीज इशानंतरही येत नाही आणि घर झोपी जाते. फजरला उठून पाहावे तर मासे पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंडाची उघडझाप करत असतात आणि एखादा आडवा होऊन तरंगत असतो. घरातले लहान मूल विचारते, “अब्बा, तो तर पाण्यातच होता, मग कसा मेला?”

मुलाचा प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचे उत्तर घरातल्या मोठ्यांना ठाऊक असायला हवे.

मासा पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतो आणि पाण्यात हा वायू फारच थोडा मावतो. 20 अंश तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात जास्तीत जास्त 9 मिलिग्रॅमच्या आसपास, तर 30 अंशांना साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे पाणी जितके गरम, तितका प्राणवायू कमी. आपल्याकडे बहुतेक घरांत असते तशी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकी घेतली, तर वाळू-दगड वजा जाता तिच्यात 50 लिटरच्या आत-बाहेर पाणी असते. उन्हाळ्यात त्या सगळ्या पाण्यात मिळून अर्धा ग्रॅमही प्राणवायू नसतो. साधारण दीड लिटर हवेत जेवढा असतो तेवढाच! त्यावर सगळे मासे जगतात आणि पाणी साफ ठेवणारे जिवाणूही तोच वापरतात. टाकीत खऱ्या वनस्पती असतील तर अंधारात त्याही तोच ओढून घेतात. म्हणून रात्रीची वीज जाणे दिवसापेक्षा जास्त धोक्याचे.

नदीत हे काम प्रवाह करतो. पाणी दगडांवर आपटते, वाऱ्याने लाटा उठतात, वरचे पाणी खाली आणि खालचे वर जाते, हवेतला प्राणवायू मिसळत राहतो. आपण माशाला काचेत आणतो तेव्हा नदीचे हे काम एका छोट्या पंपाकडे सोपवतो. बुडबुड्यांचे मुख्य काम पाण्याचा पृष्ठभाग हलता ठेवणे हेच असते. पंप थांबला की ते काम आपल्या अंगावर येते.

विजेशिवाय होणारी सोय

सर्वांत मोठी सोय विकत घ्यावी लागत नाही. ती म्हणजे टाकीत मासे कमी ठेवणे. ज्या टाकीत चार मासे आहेत तिथे रात्र निभावते, आणि तेवढ्याच टाकीत पंधरा कोंबले असतील तर पहाटेआधीच श्वास कोंडतो. गोल्डफिश दुकानात बोटाएवढा दिसतो, पण तो बराच वाढतो आणि पाणी लवकर घाण करतो. लहान गोल वाडग्यात तो ठेवूच नये. फायटर आणि गुरामी हे मासे पृष्ठभागावर येऊन हवेतूनही श्वास घेतात. त्यामुळे त्यांना वीज जाण्याचा त्रास तुलनेने कमी होतो, मात्र झाकण आणि पाणी यांच्यात मोकळी हवा हवी.

वीज गेल्यावर लगेच करायच्या गोष्टी अशा. झाकण उघडावे. खाणे देऊ नये. निरोगी मोठे मासे एक-दोन दिवस खाण्यावाचून सहज राहतात, उलट खाल्लेले पचवायला त्यांना जास्त प्राणवायू लागतो आणि उरलेले खाणे कुजून पाणी बिघडवते. मासे वर येऊन तोंड उघडू लागले तर स्वच्छ मगाने टाकीतलेच पाणी काढून वीतभर उंचीवरून परत ओतावे. साबण लागलेला मग चालणार नाही. हे काम दर काही मिनिटांनी मुलांनाही करता येते. उकाडा फार असेल तर बर्फाची बंद बाटली थोडा वेळ पाण्यात तरंगत ठेवावी, पण पाणी एकदम गार करू नये. घाबरून सगळे पाणी बदलणे ही चूक आहे. नळाच्या पाण्यातले क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना इजा करते.

थोड्या विजेची सोय

ज्या घरात इन्व्हर्टर आहे तिथे प्रश्न बहुधा फक्त प्लगचा असतो. लहान एअर पंप तीन ते पाच वॅट घेतो, छताचा जुना पंखा सत्तरच्या आसपास. म्हणजे एका पंख्याच्या विजेत पंधरा-वीस पंप चालतील. तरीही कितीतरी घरांत पंखा इन्व्हर्टरवर आणि टाकीचा पंप साध्या लाईनवर असतो. वायरमनला सांगून तेवढा एक पॉइंट बदलून घ्यावा. हिवाळ्यात पाणी गरम ठेवणारा हीटर मात्र इन्व्हर्टरवर ठेवू नये, तो बॅटरी लवकर संपवतो. त्यापेक्षा टाकीभोवती जुनी चादर गुंडाळावी, वरची बाजू मोकळी ठेवून.

इन्व्हर्टर नसेल तर मोबाइलच्या चार्जरवर चालणारा छोटा पंप मिळतो. तो साधारण एक-दोन वॅट घेतो. 10,000 एमएएचची चांगली पॉवर बँक पूर्ण भरलेली असेल तर त्यावर तो रात्रभर चालतो. एक गोष्ट आधी तपासावी. काही पॉवर बँका फार कमी वीज ओढली गेली की मोबाइल भरला असे समजून आपोआप बंद होतात. सेलवर चालणारे पंपही मिळतात, आणि वीज जाताच आपोआप सुरू होणारेही आहेत. घर रात्री किंवा दिवसभर बंद राहत असेल तर हाच प्रकार घ्यावा.

पंप टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा, नाहीतर नळीत परत न येऊ देणारा छोटा व्हॉल्व बसवावा. तसे नसेल तर पंप थांबताच नळीतून पाणी उलटे ओढले जाऊन पंपात आणि तिथून विजेच्या बोर्डावर येऊ शकते. वीज परत आल्यावर आणखी एक काळजी घ्यावी. डब्यासारखा बंद फिल्टर बरेच तास थांबला असेल तर आतले पाणी सडते. ते टाकून, स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळून मगच तो सुरू करावा.

ईदला किंवा लग्नाला गावी जाताना आपण मेन स्विच बंद करून कुलूप लावतो. त्या दिवशी वीज गेलेली नसते, ती आपणच घालवलेली असते. टाकी असलेल्या घरात निघण्यापूर्वी हे आठवावे आणि किल्ली शेजारी देऊन जावे.

कधी कधी संकट मोठे असते. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला धडकले, तेव्हा कोकणातल्या कितीतरी गावांत अनेक दिवस वीज नव्हती. तिथे एका रात्रीची पॉवर बँक पुरणार नाही. गाडीच्या चार्जिंग पॉइंटवर ती पुन्हा भरता येते, एवढे लक्षात ठेवावे. बाकी भरवसा कमी माशांवर आणि मगावर.

अमानत

कुणी म्हणेल, माशांसाठी एवढा खटाटोप कशाला? प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एका स्त्रीविषयी सांगितल्याचे बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. तिने मांजर कोंडून ठेवले, त्याला खाऊ घातले नाही आणि स्वतः शोधून खायला मोकळेही सोडले नाही. त्यासाठी ती शिक्षेस पात्र ठरली. त्याच संग्रहांत छोट्या अबू उमैरचीही हदीस आहे. त्याने एक चिमुकला पक्षी पाळला होता आणि प्रेषित (स.) त्याच्याकडे आपुलकीने त्या पक्ष्याची चौकशी करत. यावरून पाखरे पाळायला हरकत नाही, मात्र त्यांचे नीट पालनपोषण व्हायला हवे, असे उलमांनी म्हटले आहे.

माशांच्या बाबतीत आपली जबाबदारी आणखी वाढते. मांजर मोकळे सोडता आले असते. टाकीतला परदेशी मासा मात्र नीरेत किंवा भीमेत सोडणे योग्य नाही. तो तिथे मरेल, किंवा जगला तर नदीतल्या माशांच्या मुळावर उठेल. टाक्यांतून सोडलेल्या सकर माशाने देशातल्या अनेक जलाशयांत मच्छीमारांची जाळी फाडली आहेत. म्हणजे आपल्यापुढे एकच मार्ग उरतो. जो जीव कोंडला आहे, त्याच्या श्वासाची सोय शेवटपर्यंत करायची. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी टाकी घेऊ नये, किंवा ज्यांना जमेल त्यांना द्यावी. त्यात कमीपणा नाही.

येत्या सुट्टीच्या दिवशी मुलांना जवळ बसवा आणि अर्धा तास टाकीचा प्लग काढून ठेवा. पॉवर बँकेवरचा पंप लावून पाहा, मग कुठे ठेवलाय ते दाखवा, पाणी कसे ओतायचे ते त्यांच्याच हातून करून घ्या. मग वळवाच्या रात्री लाईट गेली की घरातले सर्वांत लहान मूलच आधी उठेल आणि म्हणेल, “अब्बा, माशांचा पंप लावू?”