शंभर दाणे आणि विज्ञानाचा तास

राज्याच्या शाळांत नवा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने येतो आहे. एप्रिल 2025 च्या शासन निर्णयातल्या वेळापत्रकाप्रमाणे 2025-26 ला पहिली, 2026-27 ला दुसरी, तिसरी, चौथी आणि सहावी, 2027-28 ला पाचवी, सातवी, नववी आणि अकरावी, तर 2028-29 ला आठवी, दहावी आणि बारावी. विज्ञानाच्या शिक्षकांसाठी यातली सहावी महत्त्वाची, कारण परिसर अभ्यास मागे पडून विज्ञान हा स्वतंत्र विषय तिथून सुरू होतो. या सगळ्यामागे 2023 चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आणि त्यावर बेतलेला 2024 चा राज्य आराखडा आहे. दोन्हींची मांडणी धड्यांपासून सुरू होत नाही. आधी ध्येय, मग क्षमता, मग अध्ययन निष्पत्ती, आणि शेवटी पाठ्यपुस्तक. मुख्याध्यापकांच्या सभेत मात्र या उतरंडीबद्दल कुणी फारसं विचारत नाही. पुस्तकं कधी येणार, प्रशिक्षण किती दिवसांचं आणि साहित्याला अनुदान आहे का, हे तीन प्रश्न हमखास येतात. तिन्ही रास्त आहेत. पण मुख्याध्यापक तासाला जाऊन बसल्यावर लॉगबुकात काय लिहितात, हा चौथा प्रश्न राहून जातो. माझ्या मते नव्या निकषांचं काय होणार, हे त्या चौथ्या प्रश्नावर ठरेल.

धाराशिव जिल्ह्यात, तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरचं उदाहरण घेऊ. सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचं हे मोठं गाव खंडोबासाठी ओळखलं जातं आणि इथल्या शिवारात खरिपाचा भर सोयाबीनवर असतो. पेरणीआधी घरच्या बियाण्याची उगवण तपासावी, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. रीत साधी आहे. ओल्या बारदानावर दहा-दहाच्या ओळींत शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, वरचेवर पाणी शिंपडायचं आणि आठवडाभराने चांगले कोंब मोजायचे. सत्तर किंवा जास्त उगवले, तर एकरी सुमारे 30 किलोचं प्रमाण चालतं. कमी उगवले, तर त्या हिशेबाने बियाणं वाढवायचं. 2020 च्या खरिपात न उगवलेल्या सोयाबीनच्या तक्रारींचा मराठवाड्यात खच पडला होता, तेव्हा या चाचणीची किंमत वेगळी सांगायला नको. आता हीच चाचणी सहावीच्या वर्गात आणा. एकाच पोत्यातले दाणे घेऊन तीन गटांनी ती केली आणि आकडे आले 66, 73 आणि 70. खरा कोणता? पोत्याच्या वरच्या थरातले दाणे घेतले की तळातले? फुगलेला पण कोंब न फुटलेला दाणा कुठे धरायचा? दहाच दाणे घेतले असते तर चाललं असतं का? आणि उगवण 60 टक्केच निघाली तर एकरी किती किलो लागेल? (त्रैराशिकाने 35 येतं, म्हणजे गणिताचा तासही वाया जात नाही.) नमुना, पुनरावृत्ती, निकषाची व्याख्या आणि पुराव्यावरून निर्णय, हे सारं त्या बारदानात आहे. ‘अंकुरणासाठी आवश्यक घटक लिहा’ या दोन गुणांच्या प्रश्नात यातलं काहीच नाही.

आराखडा ज्याला क्षमता म्हणतो ती हीच. मुलाने निरीक्षण करावं, अंदाज बांधून तो पडताळावा, मोजलेलं मांडावं आणि आपण असं का म्हणतो ते दुसऱ्याला पटवून द्यावं. ही कामं करून दाखवल्याशिवाय क्षमता आली असं म्हणता येत नाही, आणि खरी अडचण इथेच आहे. शाळेचा सगळा हिशेब ‘पोर्शन’वर चालतो. वार्षिक नियोजन, घटक नियोजन, पाठ टाचण या सगळ्यांतून एकाच प्रश्नाचं उत्तर निघतं: कुठवर आलं? बियांची चाचणी आठ दिवस चालते, शिवाय आकडे जुळत नाहीत म्हणून एक तास नुसता वाद घालण्यात जातो. लॉगबुकात ‘घटक मागे आहे’ असा शेरा आला, की तो शिक्षक पुढच्या वर्षी बारदान आणणार नाही. त्याला दोष तरी कसा द्यायचा?

हा अंदाज हवेतला नाही. मध्य प्रदेशात 1972 मध्ये सोळा उच्च प्राथमिक शाळांत सुरू झालेला होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम 1978 मध्ये साऱ्या जिल्ह्यातल्या शाळांपर्यंत गेला. तो नावाजला गेला स्वस्त किटमुळे. टिकला मात्र दोन वेगळ्या गोष्टींमुळे. शिक्षकांची दर महिन्याला बैठक होई आणि वर्गात न जमलेले प्रयोग तिथे चर्चेला येत. परीक्षेत पुस्तक उघडून उत्तरं लिहिण्याची मुभा होती आणि प्रात्यक्षिकालाही गुण होते. म्हणजे शिकवण्याची रीत आणि तपासण्याची रीत एकमेकींशी भांडत नव्हत्या. त्याचा कच्चा दुवाही सांगायला हवा. बाहेरच्या संस्थेच्या पाठबळावर तो फार विसंबून होता आणि 2002 मध्ये राज्य सरकारने एका निर्णयासरशी तो थांबवला. आपल्याकडे मासिक बैठकीची जागा आधीच आहे. केंद्रस्तरावरची शिक्षण परिषद दर महिन्याला भरते. तिच्यात परिपत्रकं वाचली जातात आणि ऑनलाइन माहिती भरण्याच्या तारखा सांगितल्या जातात. त्यातला एक तास ‘आमच्या वर्गात काय फसलं’ यासाठी राखून ठेवायला वेगळा शासन निर्णय लागत नाही.

प्रयोगशाळाच नाही, हा आक्षेप नेहमीचा आहे आणि नववी-दहावीसाठी तो खराही आहे. विद्युतधारा मोजायला उपकरणच लागतं. पण सहावी ते आठवीच्या बऱ्याचशा क्षमतांना बारदान, मोजपट्टी, तापमापी आणि वही एवढं पुरतं. कमी शिकलेल्या माणसाला मोजमाप जमत नाही, या समजाला उत्तर अणदूरमध्येच आहे. इथल्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यातल्या बायकांना प्रशिक्षण देऊन ‘भारतवैद्य’, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या, म्हणून उभं केलं, आणि त्यांतल्या कित्येकींचं शालेय शिक्षण बेताचंच होतं. तपासण्या-मोजण्याचं त्यांचं कौशल्य पुस्तक पाठ करून आलेलं नाही. भारताच्या विज्ञानातल्या योगदानाची ओळख हेही आराखड्यातलं एक ध्येय आहे, आणि त्याबद्दल मला थोडी धास्ती वाटते, कारण अभिमानाच्या नावाखाली तिथे काहीही खपवता येतं. जवळच्या नळदुर्गात बोरी नदीवर आदिलशाही काळात बांधलेला बांध आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल आहे. वरून धबधबा कोसळत असताना आतलं दालन कोरडं कसं राहतं, याचं रेखाटन मुलांकडून करून घेतलं, तर ते ध्येय पोकळ गौरवाशिवाय साधतं.

‘असे आराखडे आले आणि गेले’ ही शिक्षकांची तक्रार मात्र झटकून टाकता येणार नाही. 2010 मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि त्याचं रूपांतर वर्णनात्मक नोंदींच्या ठरावीक वाक्यांत झालं. पुस्तकांच्या दुकानात त्या वाक्यांच्या तयार पुस्तिका मिळू लागल्या. पुढे अध्ययन निष्पत्तींचे तक्ते वर्गावर्गात लागले. आता समग्र प्रगतीपत्रक येतं आहे, आणि त्याचंही तेच होऊ शकतं. म्हणून मुख्याध्यापकांनी कागद वाढवण्याऐवजी कमी करावेत. महिन्याला एका वर्गाच्या विज्ञानाच्या चार-पाच वह्या मागवाव्यात आणि त्यांत मुलाने स्वतः मोजलेला एखादा तरी आकडा आहे का, तेवढंच पाहावं. सगळ्या वह्यांत एकच आकडा असेल, तर तो फळ्यावरून उतरवलेला आहे, हे कळायला तज्ज्ञ लागत नाही.

राहिला पालकांचा आक्षेप: हे सगळं छान, पण दहावीत गुण कसे पडणार आणि पुढे नीट, सीईटीचं काय? स्पर्धा परीक्षांतही संकल्पना वापरून सोडवायचे प्रश्न असतात, एवढं सांगून भागणार नाही. पालकांना बोर्डाची प्रश्नपत्रिका दिसते आणि ते तिच्यावरूनच ठरवतात. 2026-27 मध्ये सहावीत जाणारी तुकडी दहावीला बसेल ती 2031 मध्ये. विज्ञानाच्या त्या प्रश्नपत्रिकेत आकड्यांचा तक्ता देऊन निष्कर्ष विचारणारे प्रश्न किती गुणांचे असतील, हे राज्य मंडळाने दहावीचं नवं पुस्तक येण्याची वाट न पाहता, नमुना प्रश्नांसह, ही मुलं सहावीत असतानाच जाहीर करावं.