छोटासा ‘बाय’, काम मोठं

आज आपण इंग्रजीतल्या एका एवढ्याशा शब्दाबद्दल बोलू या. शब्द आहे ‘बाय’. निरोप घेतानाचा टाटा-बाय नव्हे. बी आणि वाय, अशा दोनच अक्षरांचा.

तसा तो आपल्या घरात केव्हाच आलाय. खोली आपण ‘दहा बाय बारा’ची सांगतो, हॉटेलात चहा ‘वन बाय टू’ मागतो. पण कागदावर हाच शब्द फसवतो. गेल्या वर्षी आमच्या गटाला शेवयांच्या मशीनसाठी कर्ज हवं होतं. बँकेनं लिहिलं, कागदपत्रं ‘बाय 10 फेब्रुवारी’ द्या. शाळेत आम्ही शिकलो होतो, बाय म्हणजे जवळ. आम्ही समजलो, 10 तारखेच्या जवळपास. गेलो 12 तारखेला! प्रकरण पुढे ढकललं गेलं आणि मशीन आलं तेव्हा निम्मा उन्हाळा सरला होता.

म्हणून पहिली गोष्ट. तारखेआधी ‘बाय’ असेल तर उशिरात उशिरा त्या तारखेला. आधी चालेल, नंतर नाही. मराठीत आपण ‘दुकान पाचपर्यंत उघडं आहे’ म्हणतो आणि ‘पाचपर्यंत पैसे भर’ असंही म्हणतो. इंग्रजीत दुकानाला ‘टिल’ लागतं, कारण ते तोवर उघडंच राहतं. पैसे एकदाच भरायचे, तिथे ‘बाय’.

दुसरी गोष्ट व्याजाची. समजा दर 10 टक्के आहे. ‘इंक्रीज्ड बाय 2’ म्हणजे दोननं वाढला, झाला 12. ‘इंक्रीज्ड टू 12’ म्हणजे वाढून 12 वर गेला. दोन्हींचा अर्थ एकच. पण ‘बाय 12’ असेल तर दर 22 होईल! म्हणून आकड्याआधीचा शब्द बघायचाच.

तिसरी गोष्ट सहीची. इथे ‘बाय’ म्हणजे कोणी केलं. ‘पेड बाय’पुढे पैसे देणारीची सही, ‘रिसीव्ड बाय’पुढे घेणाऱ्याची. हप्ता आपण भरला आणि ‘रिसीव्ड बाय’पुढे आपणच सही केली, तर कागद म्हणेल, पैसे आपल्याला मिळाले.

मैत्रिणींनो, इंग्रजी येत नाही यात लाज नाही. न विचारता सही करण्यात मात्र नुकसान आहे. पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं घरातला एक इंग्रजी कागद आणा. त्यातले ‘बाय’ शोधू आणि प्रत्येकाचा अर्थ मराठीत लिहून ठेवू.

येतो आम्ही. नमस्कार!